पिस्टन जिथे थांबतो, तिथे बघा : एका सिलिंडरचं डिझेल इंजिन पहिल्यांदा खोलणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे हटत जातं आणि आमचा पंप त्याच्या मागोमाग चालत जातो. फेब्रुवारीत बांधाला लागलेलं पाणी मे महिन्यात पार लांब गेलेलं असतं. तिथवर विजेचा खांब नाही, म्हणून पाच एचपीचं जुनं डिझेल इंजिन आमच्या घरात अजून टिकून आहे. तीन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलमध्ये ते रुसलं. हँडल मारून मारून खांदे भरून आले, तरी सायलेन्सरमधून नुसता पांढरा धूर. इकडे केळी माना टाकत होती, मेकॅनिक लग्नसराईत अडकलेला. शेवटी मीच खोललं. दुकानातून रिंगांचा (पिस्टनवरच्या लोखंडी कड्यांचा) सेट आणला, जुन्या रिंगा काढल्या, नव्या चढवल्या. इंजिन दुसऱ्याच हँडलला चालू झालं. आठ दिवस मी गावभर मिरवलो. नवव्या दिवशी आतून बारीक टिकटिक ऐकू यायला लागली आणि दुपारपर्यंत इंजिन बंद. उघडलं तर वरच्या रिंगेचे तीन तुकडे, आणि लायनरवर (ज्या नळीत पिस्टन वर-खाली होतो तिच्यावर) नख अडकेल अशा उभ्या रेघा.

तालुक्याच्या लेथवाल्या चाचांकडे लायनर घेऊन गेलो. त्यांनी काही मोजलं नाही. म्हणाले, "बोट घाला आत. वरून खाली आणा." बोट एका काठावर अडकलं.

"लागलं काही?"

"लागलं चाचा. कडा आहे."

"ती कडा म्हणजे मूळ लायनर. तिच्या खालचा भाग रिंगेनं खाल्लाय. जुनी रिंग त्या कडेला जुळवून गोल झाली होती. तुम्ही नवी, धारदार रिंग घातली. ती वर जाऊन रोज आपटली."

एवढं आधी कळलं असतं तर एक लायनर, एक पिस्टन आणि हंगामातले बारा दिवस वाचले असते. म्हणून हे लिहून ठेवतोय. माझं इंजिन एका सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं, १५०० आरपीएमचं, बोअर (लायनरचा आतला व्यास) ८० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची एक खेप) ११० मिमी. तुमचं थोडं वेगळं असलं तरी क्रम हाच राहील. मापं मात्र तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेतलीच धरा.

## आधी ही जा-ये समजून घ्या

पायाने चालवायची शिलाई मशीन ज्यांच्या घरात होती त्यांना हे लगेच समजेल. पाय वर-खाली होतो, चाक गोल फिरतं. पण पट्टी अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या टोकाला अडकली की कितीही जोर लावा, चाक हलत नाही. हाताने जरा ढकलावं लागतं. इंजिनाच्या भाषेत हेच डेड सेंटर. इंजिनात तो हात फ्लायव्हीलचा असतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमध्ये एकदाच डिझेल पेटतं. उरलेले तीन स्ट्रोक पिस्टनला ओढून नेण्याचं काम ते जड चाक करतं.

आता हिशेब बघा. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली थांबतो, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पूर्ण थांबतो आणि उलटा पळतो. मधल्या पट्ट्यात त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ ९ मीटर होतो. चार तास पाणी दिलं तर ११ सेंटिमीटरच्या खोलीत येरझाऱ्या घालून पिस्टनने ७९ किलोमीटर कापलेले असतात.

पिस्टन वेगात असतो तेव्हा रिंग आणि लायनर यांच्यामध्ये ऑइलचा पापुद्रा असतो, रिंग त्यावर तरंगत जाते. थांबण्याच्या क्षणी तो पापुद्रा विरतो. वरच्या टोकाला तर नेमका त्याच वेळी स्फोटाचा दाब रिंगेमागे येतो, उष्णताही सगळ्यात जास्त तिथेच. म्हणून लायनर मधोमध झिजत नाही, वरची रिंग जिथे वळते तिथे झिजतो. मी आता कुठलंही यंत्र उघडलं की पहिला प्रश्न हाच विचारतो: यातली गती कुठे उलटते? गजन पिन (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी), बिगेंड (रॉडचं क्रँकवरचं टोक), रिंगेचा वरचा काठ, पंपाचा प्लंजर. बहुतेक दुखणी तिथेच सापडतात.

## काय काय जवळ हवं

कागद: इंजिनाची पुस्तिका (नसेल तर विक्रेत्याकडून झेरॉक्स मिळते), इंजिनावरच्या पट्टीचा फोटो, ज्यात मॉडेल, नंबर, एचपी आणि आरपीएम स्पष्ट वाचता येईल, आणि मागच्या कामाचं बिल. बिल यासाठी की लायनर आधी कधी बदललाय का, पिस्टन ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) आहे का, हे त्यावरूनच कळतं. माझ्याकडे बिल नव्हतं. दुकानदाराने "स्टँडर्डच असणार" म्हटलं आणि मी मान हलवली. एक वही आणि पेनही ठेवा. ऑइलच्या हाताने मोबाइलवर लिहिता येत नाही.

हत्यारं: रिंगपाने आणि बॉक्सपाने, टॉर्क पाना (विकत घेऊ नका, वर्कशॉपमधून दोन दिवस मागून आणा), फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), व्हर्निअर, रिंग दाबायचा पट्टा, सर्कलिपची (गजन पिन अडवणाऱ्या कडीची) पकड, लाकडी ठोकळा, नायलॉनचा हातोडा, व्हॉल्व्ह घासायची पेस्ट, शिशाची मऊ तार किंवा सोल्डरची तार, कॉटन वेस्टऐवजी स्वच्छ सुती धडपा. कॉटन वेस्टचे धागे ऑइलच्या जाळीत जाऊन बसतात. धुवायला डिझेल चालतं.

आणि एक दीड फूट लांबीची सपाट फळी. ती कशाला, ते शेवटी सांगतो.

## पायरी १ : खोलण्याआधी नाडी बघा

अर्धी इंजिनं विनाकारण खोलली जातात. इंजिनाने हवा धरली असेल, फिल्टर तुंबला असेल, नोजल थेंब टाकत असेल, तर हेडला (सिलिंडरच्या वरच्या झाकणाला) हात लावायची गरज नाही. आधी डिझेलच्या लाइनमधली हवा काढा, नोजल तपासून घ्या.

मग कॉम्प्रेशन. डिझेल बंद ठेवा, डिकॉम्प्रेशनची कळ (दाबली की व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि हवा दाबली जात नाही) सोडलेली ठेवा आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवा. चांगलं इंजिन एका जागी अडतं, स्प्रिंगसारखं मागे ढकलतं. थकलेलं इंजिन "फुस्स" करून पलीकडे जातं. ते फुस्स कुठून येतंय याकडे कान द्या. एअर क्लीनरमधून आलं तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) ब्रीदरमधून आलं तर रिंगा किंवा लायनर.

इनलेटच्या वाटेने एक चमचा इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा फिरवा. अडणं लगेच वाढलं, तर रिंगांचंच दुखणं, कारण ऑइलने तेवढ्यापुरती फट बुजवली. एक चमचा म्हणजे एकच चमचा. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. वाटीभर ओतलंत तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

धुराचा रंगही बोलतो. सुरू करताना पांढरा म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही; निळा म्हणजे ऑइल जळतंय; काळा म्हणजे लोड जास्त, डिझेल जास्त किंवा हवा कमी. काळा धूर बघून रिंगा बदलणारे लोक मी पाहिलेत. एअर फिल्टर धुवून बघा आधी.

शेवटची चाचणी माझी आवडती. डिकॉम्प्रेशनची कळ दाबून पिस्टन टॉपच्या (सगळ्यात वरच्या टोकाच्या) थोडा खाली आणा. आता फ्लायव्हील दोन्ही हातांनी मागे-पुढे अगदी थोडंसं हलवा. चाक हललं आणि पिस्टनचा प्रतिसाद क्षणभर उशिरा आला, हाताला "टक" जाणवलं, तर तो ढिलेपणा बिगेंडचा किंवा गजन पिनेचा. मग काम "हाफ इंजिन"वर (नुसत्या लायनर-पिस्टन-रिंगांच्या कामावर) भागणार नाही, हे मनाशी धरून पुढे जा.

## पायरी २ : खुणा आणि फोटो

पाणी आणि ऑइल काढून घ्या. डिझेलचे पाइप सुटले की त्यांची तोंडं लगेच प्लास्टिकने बांधा. फ्युएल पंपात गेलेला धुळीचा कण नवीन रिंगेपेक्षा महाग पडतो. हँडल शाफ्टवरून काढून बाजूला ठेवा. प्रत्येक भाग सोडवायच्या आधी फोटो काढा. रॉकर, पुशरॉड, टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) यांच्या जागा बदलू देऊ नका. अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने मांडले की गोंधळ होत नाही.

फ्युएल पंपाखाली पातळ पत्र्याच्या शिम असतात. त्या किती आहेत ते मोजून लिहा आणि पंप काढावा लागणार नसेल तर काढूच नका. टायमिंग त्या शिमवर ठरतं.

## पायरी ३ : हेड उतरवणं

इंजिन गार असतानाच. नट फुलीच्या क्रमाने थोडे थोडे सैल करा, एक पूर्ण काढून दुसऱ्याला लागू नका, नाहीतर हेड वाकतं. हेड चिकटलं असेल तर फटीत पेचकस घालून उचकटू नका. कळ सोडून फ्लायव्हील जरा फिरवलं की आतली हवाच त्याला ढकलते.

हेड उलटं ठेवून दोन्ही व्हॉल्व्हच्या खोबणीत डिझेल ओता आणि चहा पिऊन या. खालून ओल आली तर व्हॉल्व्ह घासावे लागतील. पेस्ट लावून, दोन तळव्यांमध्ये काठी धरून, ताक घुसळताना रवी फिरते तसं पुढे-मागे फिरवायचं, मधूनमधून उचलून जागा बदलायची. बसक्यावर सगळीकडे सारख्या रुंदीची राखाडी पट्टी आली की पुरे. मग पेस्टचा कण अन् कण धुवून काढा.

## पायरी ४ : पिस्टन बाहेर

इथे माझ्यासारखी घाई करू नका. वरच्या कडेचा कार्बन आधी लाकडाच्या किंवा पितळेच्या पट्टीने खरवडा. कडा मोठी असेल तर पिस्टन वर ढकलताना रिंगा तिला अडकतात आणि पिस्टनचा रिंगांच्या खाचांमधला भाग तुटतो. लायनर टाकूनच द्यायचा असला तरी पिस्टन वाचवा.

क्रँककेसचं बाजूचं झाकण काढा. बिगेंडच्या टोपीवर आणि रॉडवर जुळणाऱ्या खुणा किंवा नंबर असतात. दिसत नसतील तर एकाच बाजूला पंचने दोघांवर ठिपका मारा. टोपी आणि रॉड एकत्र बोअर केलेले असतात. टोपी उलटी बसली तर गोल भोक गोल राहत नाही. बोल्ट सोडवा, लाकडी ठोकळ्याने रॉड वर ढकला. बोल्टच्या आट्यांनी क्रँकपिनला ओरखडा जाऊ नये म्हणून त्यांच्यावर रबरी नळीचे तुकडे चढवा.

पिस्टन हातात आला की टेबलावर ठेवून निवांत बघा. स्कर्टच्या (पिस्टनच्या रिंगांखालच्या भागाच्या) दोनच बाजू घासलेल्या दिसतील, पिनेच्या दिशेच्या बाजू जवळजवळ कोऱ्या. रॉड कधी सरळ उभा नसतो, तिरका असतो. तो पिस्टनला एका कुशीवर रेलतो. स्फोटाच्या स्ट्रोकला ज्या कुशीवर रेलतो ती बाजू जास्त घासते. लायनरही म्हणूनच नुसता मोठा होत नाही, अंडाकृती होतो. घासल्याची खूण सरळ न दिसता तिरपी दिसली, एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली, तर रॉड वाकलाय. रिंगा बदलून काही होणार नाही.

## पायरी ५ : मोजमाप, म्हणजे खरं काम

लायनर तीन उंचींवर मोजायचा: वरच्या कडेच्या लगेच खाली, मधोमध आणि तळाशी. प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी: क्रँकशाफ्टच्या दिशेने आणि तिच्या आडवं. सहा आकडे वहीत लिहा. यासाठी बोअर गेज लागतो. व्हर्निअरने हे जमत नाही, आत्मविश्वासाने चुकीचा आकडा मिळतो. लेथवाले पाच मिनिटांत मोजून देतात.

बोअर गेज मिळेपर्यंत घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. जुनी रिंग पिस्टनवरून काढून नुसती लायनरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सपाट करा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलरने मोजा. आधी अगदी तळाशी, जिथे झीज नाही. मग वर, कडेच्या खाली. दोन फटींतल्या फरकाला ३ ने (नेमकं ३.१४ ने) भागा, तेवढा लायनरचा व्यास वर वाढलाय. माझ्या लायनरमध्ये फरक निघाला ०.८ मिमी, म्हणजे व्यास पाव मिलिमीटरने वाढलेला. आमच्याकडच्या भाषेत दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ८० मिमीच्या लायनरला हे फार झालं. हे मी पहिल्याच दिवशी मोजलं असतं तर रिंगांचा सेट विकत घेतलाच नसता.

नवी रिंग नव्या लायनरमध्ये घालूनही फट मोजायचीच. डिझेल इंजिनाला बोअरच्या दर इंचामागे साधारण चार थाऊ हा जुना ठोकताळा. ८० मिमीला तो बारा-तेरा थाऊ, म्हणजे ०.३ मिमीच्या आसपास येतो. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिका खरी. फट कमी पडली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग लायनरला फाडते. थोडी जास्त फट चालते, कमी कधीच नाही.

## पायरी ६ : सामान आणणं

माप हातात आल्यावरच दुकानात जा. जुना पिस्टन सोबत न्या. झिजलेला लायनर असेल तर लायनर, पिस्टन, पिन आणि रिंगा हा पूर्ण सेट घ्या, एकाच कंपनीचा. "लायनर चांगलाय, नुसत्या रिंगा टाका" असं न मोजता सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. पक्कं बिल घ्या आणि पेटीवरचा पार्ट नंबर पुस्तिकेशी ताडून बघा. हेड गॅस्केट, लायनरच्या रबर रिंगा आणि बिगेंडचे बोल्ट हे नवेच.

पाण्यात बसणारा लायनर बदलताना रबर रिंगांना पीळ पडला तर पाणी ऑइलमध्ये उतरतं. लायनर बसवल्यावर, पिस्टन घालायच्या आधी, जॅकेट पाण्याने भरा आणि रात्रभर सोडा. सकाळी खाली थेंब दिसला तर पुन्हा काढा. हे काम आत्ता वीस मिनिटांचं आहे, नंतर दोन दिवसांचं होईल.

## पायरी ७ : पिन आणि रिंगा

गजन पिन हातोड्याने ठोकून घालू नका. पिस्टन उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तीसेक मिलिमीटरच्या पिनेला त्यातून साधारण एक-दोन थाऊ मोकळी जागा मिळते, आणि पिन अंगठ्याने आत जाते. घरात चहाच्या पातेल्यावरून बोलणी खायची तयारी ठेवा. सर्कलिप नव्या, आणि खाचेत पूर्ण बसल्याची खात्री पेचकसाच्या टोकाने फिरवून करा. सुटलेली सर्कलिप लायनर अर्ध्या तासात कापून काढते.

रिंगांवर "टॉप" लिहिलेली बाजू वर. ऑइल रिंग आधी, मग खालून वर. रिंग पिस्टनवर चढवताना गरजेपेक्षा जास्त ताणू नका. टोकांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नका. तीन रिंगा असतील तर १२० अंशांवर, आणि कुठलीही फट पिनेच्या टोकावर किंवा पिस्टन रेलतो त्या कुशीवर नको. पिस्टनवर बाण किंवा खूण असेल तर ती कुठल्या बाजूला, हे पायरी २ च्या फोटोत बघा.

सगळ्याला ऑइल लावा, पट्ट्याने रिंगा दाबा आणि हातोड्याच्या लाकडी दांड्याने हलकेच ढकला. अडलं तर थांबा. जोर लावायचा मोह होतो. एखादी रिंग पट्ट्यातून निसटून काठावर बसलेली असते, आणि एक ठोका तिला पुरतो.

## पायरी ८ : बिगेंडचे दोन बोल्ट

बोल्ट नवे का, याचं उत्तर मला कुणी नीट दिलं नव्हतं. मग मी हिशेब केला. टॉपला पोचलेल्या पिस्टनला थांबवून परत खाली ओढायला किती जोर लागतो? माझ्या स्ट्रोकला आणि १५०० आरपीएमला तो वजनाच्या सुमारे १७० पट येतो. वर-खाली होणारा भाग एक किलोचा धरला तरी १७० किलोचा हिसका. कॉम्प्रेशनच्या वेळी वरून दाबलेली हवा पिस्टनला अडवते, म्हणून बोल्टांना तो फारसा कळत नाही. पण एक्झॉस्टच्या स्ट्रोकला व्हॉल्व्ह उघडा असतो, वर अडवणारं कुणी नसतं, आणि पिस्टनला हेडमधून बाहेर पळायचं असतं. त्याला धरून ठेवतात ते हे दोन बोल्ट. चार तासांत १ लाख ८० हजार वेळा. दिसायला ते नव्यासारखेच दिसतात, आणि एक दिवस तुटतात. तुटले की रॉड क्रँककेसची भिंत फोडून बाहेर येतो.

बेअरिंगच्या पाठीला आणि रॉडच्या आतल्या बाजूला ऑइल लावू नका, तिथे कोरडं आणि स्वच्छ हवं. आतल्या चकचकीत बाजूला भरपूर लावा. खुणा जुळवा, पुस्तिकेतल्या टॉर्कला दोन-तीन टप्प्यांत घट्ट करा. प्रत्येक टप्प्यानंतर फ्लायव्हील पूर्ण फेरा फिरवून बघा. जड लागलं तर पुढे जाऊ नका. रॉड क्रँकपिनवर हाताने डावी-उजवीकडे किंचित सरकला पाहिजे. लॉकिंगची पट्टी असेल तर ती वळवायला विसरू नका.

## पायरी ९ : टॉप शोधणं, हेड आणि टॅपेट

फ्लायव्हीलवरची खूण पुसली असेल तर हेड बसवायच्या आधीच टॉप शोधून ठेवा. पिस्टन सगळ्यात वर दिसला की तोच टॉप, असं डोळ्यांनी ठरवू नका. टॉपच्या आसपास चाक १० अंश फिरलं तरी पिस्टन जेमतेम १ मिलिमीटर हलतो. तो तिथे रेंगाळतो. म्हणून उलट करा. व्हर्निअरची खोली मोजायची दांडी घेऊन पिस्टन काठापासून बरोबर १० मिमी खाली असताना फ्लायव्हीलवर खूण करा. मग चाक टॉपवरून पलीकडे न्या, पुन्हा १० मिमी खाली आला की दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मधे टॉप. एवढ्या खाली एका अंशाला पिस्टन अर्ध्या मिलिमीटरहून जास्त सरकतो, त्यामुळे चूक लपत नाही.

हेडच्या आधी आणखी एक मोजणी. पिस्टनच्या डोक्यावर सपाट भागात ग्रीसने शिशाच्या तारेचे दोन तुकडे चिकटवा, व्हॉल्व्हच्या समोर येणार नाहीत असे. गॅस्केट आणि हेड बसवून घट्ट करा, हाताने एक फेरा फिरवा, हेड काढा. चेपलेल्या तारेची जाडी म्हणजे टॉपला पिस्टन आणि हेड यांच्यात उरलेली जागा. छोट्या इंजिनांत ती मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा पुस्तिकेत. कमी असेल तर गरम झाल्यावर पिस्टन हेडला ठोकतो, जास्त असेल तर थंडीत इंजिन उठत नाही. बरोबर करायला वेगळ्या जाडीचं पॅकिंग मिळतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि बरेच मेकॅनिक करत नाहीत. मी करतो. चेपलेल्या गॅस्केटऐवजी शेवटी नवं घाला.

टॅपेट सोडताना (म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट लावताना) सापळा असा की टॉप दोन असतात. दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्ट संपताना. टॅपेट कॉम्प्रेशनच्या टॉपलाच सोडायचे. ओळख सोपी: चाक टॉपच्या दोन्ही बाजूंना थोडं हलवा. पुशरॉड बोटांनी गरगर फिरत राहिले तर तोच टॉप. एक मिटत आणि दुसरा उघडत डोलताना दिसले तर आणखी एक फेरा द्या.

## पायरी १० : पहिलं हँडल

ऑइल भरा, पट्टीवर बघा, खुणेच्या वर नको. पाणी सुरू करा. डिझेलची हवा काढा. कळ दाबून, डिझेल बंद ठेवून वीस-पंचवीस फेरे हाताने द्या, म्हणजे ऑइल सगळीकडे पोचेल.

हँडल धरताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवा, दांड्याभोवती वळवू नका. इंजिनाने उलटा फटका दिला तर हँडल तळव्यातून निसटून गेलं पाहिजे. साडीचा पदर, धोतराचा सोगा, उपरणं फ्लायव्हीलपासून लांब. पोरांना घरात पाठवा.

आणि आता ती फळी. नव्याने जुळवलेल्या इंजिनात फ्युएल पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकली किंवा ऑइल जास्त झालं, तर इंजिन पळतं. वेग वाढत जातो आणि बंद करायची कळ ऐकत नाही. डिझेल बंद करूनही ऑइलवर ते पळत राहू शकतं. अशा वेळी एअर क्लीनर काढून ठेवलेल्या तोंडावर फळी दाबून धरायची. हवा तुटली की ते मरतं. हात लावायचा नाही, तोंडावर कापडही धरायचं नाही, आत ओढलं जातं. मला फळीची गरज अजून पडलेली नाही. तरी पहिल्या हँडलला एक माणूस फळी घेऊन उभा असतोच, बहुतेक वेळा माझा पुतण्या.

चालू झाल्यावर नुसतं मोकळं फिरवत ठेवू नका. रिंगा लायनरला बसायला थोडा दाब लागतो. पहिली दहा मिनिटं हलकं, मग अर्धा लोड. पहिल्या दिवशी पूर्ण उंचीवर पाणी चढवायला लावू नका. गरम होऊन पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्कने तपासा आणि टॅपेट पुन्हा मोजा, दोन्ही बदललेले असतात. पहिलं ऑइल मी २५ तासांनी काढतो, पांढऱ्या तसराळ्यात ओततो आणि तळाशी चुंबक फिरवतो. राखाडी चिखलासारखा बारीक लेप आला तर तो नव्या रिंगांचा, त्याची काळजी नाही. चमकणारी कपची आली तर झाकण त्याच संध्याकाळी उघडा, उद्याच्या पाळीची वाट बघू नका.